गेमिंगसाठी टीव्ही की मॉनिटर? खोक्यावरच्या आकड्यांचे खरे-खोटे

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात जा किंवा ऑनलाइन सेल उघडा. ‘गेमिंग’ असा शिक्का असलेल्या प्रत्येक खोक्यावर ४के, १२० हर्ट्झ, १ एमएस, एचडीआर अशी आकड्यांची आरास असते. बजेट मोजकेच असेल तर यातले सगळे मिळत नाही, आणि सगळे लागतही नाही. कुठला आकडा कामाचा हे ठरते दोन गोष्टींवर: तुमचा पीसी किंवा कन्सोल किती ताकदीचा आहे आणि तुम्ही पडद्यापासून किती अंतरावर बसता.

गैरसमज: चांगल्या गेमिंगला ४के हवेच.
वस्तुस्थिती: फुल एचडी पडद्यावर सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ४केवर सुमारे ८३ लाख. म्हणजे ग्राफिक्स कार्डावरचा बोजा जवळजवळ चौपट. मध्यम कार्डावर ४के लावले की गेम अडखळू लागतो आणि मग सेटिंग खाली आणावीच लागते. टेबलावर २४ इंची फुल एचडी मॉनिटर पुरेसा नेटका दिसतो. २७ इंची घ्यायचा असेल तर मात्र फुल एचडी आणि ४के यांच्या मधले १४४०पी पाहा, कारण तेवढ्या पडद्यावर फुल एचडीची अक्षरे जवळून खरखरीत दिसतात. एक्सबॉक्स सिरीज एस तर १४४०पी डोळ्यांसमोर ठेवूनच बनवला आहे. पीएस५ लाही सप्टेंबर २०२२ च्या अपडेटपासून १४४०पी चालते.

गैरसमज: ६० हर्ट्झच्या पुढे डोळ्याला फरक कळत नाही.
वस्तुस्थिती: कळतो. ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ हर्ट्झवर ६.९. माउस झर्रकन फिरवला की हा फरक लगेच जाणवतो. अट एकच: यंत्राने तेवढ्या फ्रेम दिल्या पाहिजेत. व्हॅलोरंटसारखा हलका गेम साध्या कार्डावरही त्या देतो. कन्सोलवरचे बरेच मोठे गेम मात्र ३० किंवा ६० फ्रेमवरच चालतात. शिवाय नवा १४४ हर्ट्झ मॉनिटर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट तपासा. अनेकदा तो ६० वरच राहिलेला असतो.

गैरसमज: ‘मोशन रेट १२०’ म्हणजे १२० हर्ट्झचा टीव्ही.
वस्तुस्थिती: अशी नावे कंपन्यांनी आपापली ठेवलेली असतात. आतले पॅनेल बहुधा ६० हर्ट्झचेच असते. मधल्या फ्रेम टीव्ही स्वतः रचून भरतो. त्या रचण्यात वेळ जातो आणि कंट्रोलरचे बटण उशिरा लागू होते. माहितीपत्रकात पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट शोधा आणि खेळताना ही सोय बंद ठेवा.

गैरसमज: १ एमएस लिहिले आहे, म्हणजे लॅग नाही.
वस्तुस्थिती: १ एमएस हा रिस्पॉन्स टाइम, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ. तोही बहुधा सगळ्यात टोकाच्या सेटिंगवर मोजलेला. तिथे हलत्या वस्तूंभोवती कडा उमटतात किंवा पडदा अंधारतो. बटण दाबल्यापासून पडद्यावर हालचाल दिसेपर्यंतचा उशीर म्हणजे इनपुट लॅग, आणि त्याचा आकडा खोक्यावर सहसा नसतो. टीव्हीवर गेम मोड लावला की हा लॅग बराच उतरतो. ‘एएलएलएम’ असलेला टीव्ही कन्सोल सुरू होताच हा मोड आपोआप लावतो.

गैरसमज: एचडीआरचा शिक्का आहे, मग चित्र झगझगीत दिसणारच.
वस्तुस्थिती: स्वस्त पडदा एचडीआर सिग्नल घेतो, पण तो दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो. २५०-३०० निट्स एवढ्याच उजेडाच्या पडद्यावर एचडीआर लावले तर चित्र उलट फिके पडते. या शिक्क्यासाठी जादा पैसे मोजू नका. अंधाऱ्या खोलीत खेळत असाल तर व्हीए पॅनेलचा काळा रंग आयपीएसपेक्षा गडद दिसतो. मात्र स्वस्त व्हीएवर गडद दृश्ये हलताना फरफटल्यासारखी दिसतात.

गैरसमज: एनव्हिडियाचे कार्ड असेल तर महागडा जी-सिंक मॉनिटरच लागतो.
वस्तुस्थिती: जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिका आणि त्यापुढची कार्डे साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरवरही पडद्याचा रिफ्रेश रेट गेमच्या फ्रेमशी जुळवतात. फक्त डिस्प्लेपोर्टची केबल वापरा.

गैरसमज: कन्सोलसाठी घेतलेल्या पडद्याला एचडीएमआय २.१ नसेल तर पैसे वाया.
वस्तुस्थिती: एचडीएमआय २.० वर ४के ६० हर्ट्झ किंवा १४४०पी १२० हर्ट्झ आरामात मिळते. २.१ लागते ते ४के १२० हर्ट्झला. पीएस५ च्या व्हीआरआरलाही, म्हणजे रिफ्रेश रेट फ्रेमशी जुळवण्याच्या सोयीलाही, तेच लागते.

मग घ्यायचे काय? टेबलाशी बसून पीसीवर खेळणाऱ्याने १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्तीचा २४ इंची फुल एचडी मॉनिटर घ्यावा. सोफ्यावरून कन्सोल खेळणाऱ्या घराला गेम मोड असलेला ४३ इंची ४के ६० हर्ट्झ टीव्ही पुरतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्ही-मॉनिटरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा दराची तुलना जुन्या किमतींशी करू नका. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही स्वस्त दिसतो, पण त्याचे पॅनेल बहुधा १३६६ बाय ७६८ चे असते. नव्या कन्सोलसाठी तो घेऊ नका. पैसे उरले तर मोठ्या पडद्यावर घालण्यापेक्षा ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवा.