भाताचें बीं आणि निंदणीचा प्रश्न

पानांत वाढलेल्या भाताचा सुवास आपणां सर्वांस कळतो. परंतु त्यामागें किती निंदणी झाली, याचा विचार क्वचित् होतो. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, भंडारदरा-घाटघराकडे, भाताचीं खाचरें आहेत. तेथील स्त्रिया भर पावसांत ओणव्यानें आवणी करितात व पुढें तण उपटतात. हे कष्ट तणनाशकानें वांचतील काय?

अडचण अशी कीं, भात हेंही एक गवतच. गवत मारणारें औषध बहुधा भातासही मारतें. इमॅझेथापायर हें तणनाशक वनस्पतींतील एक विकर बंद पाडतें, आणि पोषण खुंटून रोप मरतें. मात्र त्या विकराच्या जनुकांत एखादें अक्षर पालटलें कीं औषध लागू पडत नाहीं. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें दिलेल्या पुसा बासमती १९७९ व १९८५ या वाणांत असाच बदल आहे. तो रसायनानें घडविलेल्या उत्परिवर्तनांतून आला. ‘क्रिस्पर’ नामक जनुकसंपादनानें तोच बदल नेमक्या जागीं करितां येतो. परकें जनुक न उरणाऱ्या अशा वाणांस केंद्र सरकारनें २०२२ सालीं कडक नियमांतून सूटही दिली.

एका स्वराच्या चुकीनें ‘इन्द्रशत्रु’ शब्दाचा अर्थ फिरला व त्वष्ट्याचा यज्ञ त्याच्याच पुत्रावर उलटला, ही कथा संस्कृताच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. म्हणून अक्षर कोठें व कोणासाठीं पालटावयाचें, हें आधीं पाहिलें पाहिजे. पंजाब-हरियाणांत पाणी वांचविण्यासाठीं भात थेट पेरूं लागले आहेत. तेथें सांचलेलें पाणी नसल्यानें तण माजतें, व असें बियाणें उपयोगी पडतें. अकोल्याच्या खाचरांत तण दाबण्याचें पुष्कळसें काम पाणीच करतें. शिवाय अमेरिकेंत २००२ च्या सुमारास असा भात आल्यावर थोड्याच वर्षांत त्याचा तांबड्या तणभाताशीं संकर झाला, आणि तें तणही औषधास दाद देईनासें झालें.

याच तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणें जपलें. त्यांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. तें धन घरचें आहे, दरसाल विकत घ्यावें लागत नाहीं.

शास्त्राचा अव्हेर करावा, असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु नवें बियाणें डोंगरांत नेण्यापूर्वीं तें घरीं राखतां येईल काय, आणि निंदणीची मजुरी गेलेल्या स्त्रीच्या हातीं दुसरें काय येईल, या दोन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं पाहिजेत. तोंवर हातानें ढकलावयाचें साधें कोळपें हाच तेथील स्त्रियांच्या कंबरेस अधिक खरा विसांवा होय.