जळमटातला जगप्रवासी

दिवाळीच्या साफसफाईत लांब काठीला केरसुणी बांधून आपण छताच्या कोपऱ्यातली जळमटं काढतो, तेव्हा त्यांतून एक काटकुळा प्राणी धडपडत खाली येतो. अंग तांदळाच्या दाण्याएवढं, पाय मात्र बोटभर लांब. जाळ्याला धक्का लागला की हा कोळी पळत नाही. जागच्या जागी इतक्या वेगानं हेलकावे घेतो की दिसेनासाच होतो. मादी आपल्या अंड्यांचं गाठोडं चार-दोन धाग्यांत बांधून पिल्लं बाहेर येईपर्यंत तोंडात धरून बसते. आज बोलायचंय ते या कोळ्याबद्दल.

आधी एक कबुली. मी नाशकात अनेक वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीचशी वर्षं या कोळ्याचं नाव चुकीचं सांगितलं. आमचं पुस्तक परदेशी होतं. त्यात घरातल्या लांब पायांच्या कोळ्याचं नाव होतं फोल्कस फालँजिऑइडिस. तेच मी बरणीवर चिकटवलं होतं. एकदा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, पुस्तकातल्या कोळ्याचं पोट नळीसारखं लांबट आहे. आपल्याच्या पोटाला मागं वरच्या बाजूला टेंगूळ कसं?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण घरी जाऊन भिंग घेऊन पाहिलं, तर टेंगूळ होतं आणि पायांवर बारीक ठिपकेही होते. माझी इतक्या वर्षांची चूक त्या मुलीनं दोन मिनिटांत पकडली होती.

हे दोन्ही कोळी एकाच कुळातले. त्या कुळाचं नाव फोल्सिडी. १८५० साली कोख नावाच्या जर्मन अभ्यासकानं ते ठरवलं. आज त्यात अठराशेहून अधिक जाती नोंदवलेल्या असून त्यांची पाच उपकुळं मानतात. काही जातींना आठ डोळे, काहींना सहाच. जात नक्की करायची तर नराच्या तोंडाजवळचे दोन आखूड अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. कुलपाला जशी ठरावीक किल्ली, तसा प्रत्येक जातीत त्यांचा आकार निराळा. नुसत्या लांब पायांवर विसंबलं की माझ्यासारखी फजिती होते.

आपल्याकडचा टेंगूळवाला म्हणजे क्रॉसोप्रायझा लायोनी. ब्लॅकवॉल या इंग्रज अभ्यासकानं १८६७ साली हिंदुस्थानातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं आणि त्यानंही त्याला आधी फोल्कसमध्येच घातलं होतं, एवढंच काय ते माझं समाधान! क्रॉसोप्रायझा ही निराळी प्रजाती सिमाँ या फ्रेंच संशोधकानं १८९३ मध्ये केली. मूळचा हा आशियातला, बहुधा आपल्याच बाजूचा, असं मानतात. आज मात्र तो जगभरच्या उष्ण प्रदेशांत घराघरांत आहे. वेगवेगळ्या देशांत तो नवा समजून त्याला वेगवेगळी नावं दिली गेली आणि मागाहून कळलं, की हा तोच.

उलट दिशेनंही पाहुणे आले. स्मेरिंगोपस पॅलिडस आफ्रिकेतून निघाला, फायसोसायक्लस ग्लोबोसस मध्य अमेरिकेकडून. दोघेही उष्ण प्रदेशांत सगळीकडे पसरले. पुष्कळ कोळ्यांची पिल्लं रेशमी धागा सोडून वाऱ्यावर दूरवर जातात. या कुळाला ती कला फारशी नाही. ते गेले जहाजांतून, खोक्यांच्या आणि फर्निचरच्या सांदीत बसून. हवाई बेटं पाहा. समुद्राच्या मधोमध असलेल्या त्या बेटांवर या कुळाची मूळची एकही जात नाही. आज तिथं दिसतात ते माणसाच्या सामानाबरोबर गेलेले.

पण सगळ्याच बेटांची गोष्ट अशी नाही. श्रीलंका, मादागास्कर, फिलिपिन्स इथं या कुळाच्या अशा कितीतरी जाती आहेत, ज्या जगात दुसरीकडे कुठंच नाहीत. सेशेल्सचंच घ्या. हिंदी महासागरातल्या त्या ग्रॅनाइटच्या बेटांवर सेनेमस नावाची एक प्रजाती आहे. सारिस्टो या फिनलंडच्या संशोधकानं २००१ मध्ये तिला नाव दिलं. तिच्यातली एक जात सिल्हुएट या बेटाच्याच नावानं ओळखली जाते. ही सेनेमस आणि आपल्या छतावरचा क्रॉसोप्रायझा एकाच उपकुळातले. म्हणजे चुलतभाऊच.

आता गंमत अशी, की सेशेल्सची ही जमीन भारतापासून सुटली ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्हाच्या काळाच्या आसपास. आपला ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेण्यांची टेकडी हे सगळं त्याच लाव्हाचं. म्हणून कोळ्याचे पूर्वज त्या जमिनीवर बसूनच निघून गेले, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला पुरावा लागतो, आणि घाईनं निष्कर्ष काढल्याचं फळ मी एकदा भोगलंय.

तेव्हा एकाच कुळात दोन तऱ्हा. आपण ज्यांना झाडूनं झोडपतो ते जगभर सुखरूप आहेत. ते डासही खातात. थायलंडमध्ये डेंग्यूच्या डासांचा शिकारी म्हणून या क्रॉसोप्रायझाचा अभ्यास झाला आणि १९९७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. याचं विष सर्वांत जहाल, पण दात आखूड म्हणून आपण वाचतो, ही ऐकीव गोष्ट निराधार आहे. तेव्हा न्हाणीघराच्या कोपऱ्यातलं एखादं जाळं राहू दिलं तर बिघडत नाही.

मला काळजी दुसऱ्या तऱ्हेची वाटते. डोंगरमाथे हीसुद्धा एका अर्थी बेटंच. अंजनेरीच्या परिसरातलं सेरोपेजिया अंजनेरिका हे कंदीलपुष्प २००६ मध्ये शास्त्राला माहीत झालं. आज लोक ते पाहायला जातात, जपायची भाषा करतात. त्याच डोंगरातल्या कपारीत, ओल्या दगडाखाली लांब पायांचे कोळी असतात, त्यांच्याकडे कोण बघतो? घरातला समजून सोडून देतात. मीही कितीतरी वेळा सोडून दिला असेल. एखादी कपार सुरुंगानं उडाली, तर काय गेलं हेही कळायचं नाही.

त्या बरणीवरची चिठ्ठी मी बदलली. नवं नाव त्या मुलीच्या हातानंच लिहून घेतलं. शेजारी आणखी एक बरणी आहे. त्यातला कोळी अंजनेरीच्या एका घळीतला. त्याला टेंगूळ नाही, पायांवर ठिपके नाहीत. चिठ्ठीवर फक्त जागा आणि तारीख आहे. नावाची जागा मी कोरी ठेवली आहे.