गाडी किती पाण्यात आहे?

मुंबई-गोवा महामार्गाने नागोठणे गाठले की गाडीवाल्यापुढे दोन वाटा असतात. सरळ गेले तर सुकेळी खिंड ओलांडून कोलाड, नाहीतर भिसे खिंडीतून रोहे. या दोन्ही खिंडी कशेडी घाटापुढे किरकोळच. पण वीस वर्षे राबलेली आणि आता पोटात पलंग, ओटा, पाण्याची टाकी घेऊन निघालेली गाडी किती पाण्यात आहे, हे कळायला तेवढा चढ पुरतो.

राज्याने 2021 मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. तयार कॅरव्हॅन परवडत नाही, म्हणून काही हौशी मंडळी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचेच फिरते घर करतात. पुण्याच्या बजाज टेम्पोने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, 1987 मध्ये मर्सिडीजच्या व्हॅनवरून ही गाडी आणली. जुन्या गाड्यांतले चार सिलिंडरचे डिझेल इंजिनही मर्सिडीजच्याच घराण्यातले. इंजिन दमदार असते, बिघाड होतो तो बहुधा त्याला थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण एक तृतीयांश भाग कामी येतो, जवळपास तेवढाच धुरावाटे जातो आणि बाकीचा मुख्यतः पाण्याला वाहून न्यावा लागतो. पंप पाणी इंजिनभर फिरवतो. ते 80 अंशांच्या थोडे पुढे तापले की थर्मोस्टॅट उघडतो, पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरते आणि पंख्याची हवा त्याला निववते. झाकणाचे कामही मोठे असते. ते एक बार दाब धरत असेल तर साधे पाणीही 120 अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर गेले की तेच पाणी 100 ला उकळू लागते. म्हणून तापलेल्या गाडीची तपासणी या सर्वांत स्वस्त भागापासून सुरू करावी. मात्र गाडी पूर्ण निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

कोकणात या यंत्रणेची परीक्षा दोन बाजूंनी होते. गणपतीच्या गर्दीत वडखळ ते माणगाव गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. जुन्या डिझेल गाड्यांत पंखा इंजिनच्याच जोरावर फिरतो, त्यामुळे इंजिन मंद असले की पंखाही मंद. समोरून वारा नसतो आणि एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या तोंडावरच उष्णता ओकत असतो. दुसरी बाजू पाण्याची. कूलंट संपल्यावर विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतत राहिले, की क्षार नळ्यांत बसतात. खाडीकाठचे मचूळ पाणी तर धातूच खाते. कूलंटमधला ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतो आणि त्यातली रसायने गंज रोखतात. निव्वळ पाण्यात यातले काहीच नसते.

तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर मात्र पुन्हा उभा राहतो. कारागीर त्याच्या टाक्या उघडतो, एकेका नळीत सळई घालून साका काढतो, हौदात बुडवून हवा भरतो आणि बुडबुडे दिसतील तिथे डाख देतो. फारच सडला असेल तर टाक्या त्याच ठेवून कोअर नवा बसवतो. नंतरच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लॅस्टिकच्या टाक्या असतात आणि त्या कडा दुमडून बसवलेल्या असतात. प्लॅस्टिकला डाख धरत नाही. टाकी तडकली, की बहुतेक वेळा अख्खा रेडिएटर बदलावा लागतो. त्यामुळे डाखकामाची दुकाने कमी झाली आणि मालकाचा दुरुस्तीचा पर्यायही गेला.

तरीही बिल फुगते ते सुट्या भागांमुळे नव्हे. ट्रॅव्हलरचे बोनेट आखूड, इंजिनाचा मागचा भाग केबिनमध्ये दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली. त्या झाकणावर हौसेने कपाट किंवा टेबल ठोकलेले असले, तर होज पाइप बदलण्याआधी सुतारकाम उसकटावे लागते. मजुरी तिथे चढते. म्हणूनच यंत्रणा एकदा उघडली की पंप, थर्मोस्टॅट, होज, पट्टा आणि रेडिएटरचे झाकण एकदमच बदलून घ्यावे. आज होज, महिन्याने पंप असे केले तर परक्या गावात तेच इंजिन पुन्हा उघडण्याची मजुरी भरावी लागते.

रस्त्यावरच्या युक्त्या याहून महाग पडतात. गळणाऱ्या रेडिएटरमध्ये हळद टाकायची पद्धत जुनी आहे. ती गळती बुजवते, पण चांगल्या नळ्याही बुजवते. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला, तर इंजिन योग्य तापमानाला यायला वेळ लावते, डिझेल जास्त पिते आणि मूळ रोग तसाच राहतो. काटा लाल रेषेवर असताना ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ म्हणणे तर सर्वांत महाग. हेड वाकते, गॅस्केट जाते, पाणी ऑइलमध्ये मिसळते आणि ऑइल दुधाळ होते. तिथून पुढे काम रेडिएटरवाल्याचे राहत नाही, इंजिन उतरवणाऱ्या मिस्त्रीचे होते.

जुन्या ट्रॅव्हलरची कॅरव्हॅन करणाऱ्याने खर्चाचा क्रमच उलटा लावायला हवा. पडदे आणि पलंग शेवटी. आधी रेडिएटर खोलून साफ करणे, रबराचा प्रत्येक भाग नवा, कूलंट आणि शुद्ध पाण्याचे मिश्रण, नजरेसमोर चालता तापमानाचा काटा. इंजिनावरचे सामान असे बसवावे, की चार बोल्ट काढले की ते उचलता येईल. मग रिकाम्या गाडीने नव्हे, टाक्या भरून आणि एसी लावून एकदा खिंड चढून पाहावी. काटा मध्यावर राहिला, तरच सुताराला बोलवावे.