बोटीवरच्या माणसाचे चोवीस तास

घाटकोपरच्या टेकडीवर आमचा एक जुना विद्यार्थी राहतो. तो बोटीवर खलाशी आहे. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि दोन-तीन महिने घरी, असा त्याचा संसार. मागे तो सुटीवर आला होता. आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले आणि म्हणाले, "काय रे पोरा, बोट तर इंजिनावर चालते. मग तुम्ही दिवसभर करता तरी काय? बसून पगार खाता!"

तो हसला. मग त्याने आपल्या कामाची सगळी हकिकत सांगितली. तीच आम्ही येथे देत आहोत.

बोट म्हणजे पाण्यावरचे गाव

मोठी मालबोट किती लांब असते? आगगाडीचे नऊ डबे एकापुढे एक लावा. जवळजवळ तेवढी. कित्येक बोटी याहूनही लांब असतात. पण एवढ्या बोटीवर माणसे असतात अवघी वीस-पंचवीस. कप्तान हा त्या गावचा पाटील. त्याच्या हाताखाली वरचे अधिकारी आणि इंजिनाचे अधिकारी. खलाशांचा मुकादम तो सारंग. सुकाणू धरतो तो सुकाणी. आणि स्वयंपाक करतो तो भंडारी. ही नावे आपल्याकडे फार जुनी आहेत. रत्नागिरी, रायगड आणि गोव्याची माणसे पिढ्यानपिढ्या बोटीवर जात आली आहेत.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया कंपनीची 'लॉयल्टी' नावाची बोट मुंबईहून लंडनला निघाली. कंपनी आपल्या लोकांची होती. त्या वेळी राज्य इंग्रजांचे, आणि समुद्रावरचा व्यापारही त्यांच्याच हाती. म्हणून या गोष्टीचे मोल मोठे. ५ एप्रिल हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो.

रात्र नाही, दिवस नाही

एस.टी. रात्री डेपोत उभी राहते. बोट भर समुद्रात उभी राहत नाही. ती रात्रंदिवस चालते. म्हणून कुणीतरी सतत जागे पाहिजे. त्यासाठी दिवसाचे चार-चार तासांचे भाग पाडतात. एक पाळी बारा ते चार, दुसरी चार ते आठ, तिसरी आठ ते बारा. प्रत्येकाची पाळी दिवसातून दोनदा येते. चार तास काम, मग आठ तास सुटी, पुन्हा चार तास काम.

बारा ते चारवाल्याला रात्री साडेअकराला उठवतात. तो वर अधिकाऱ्याजवळ उभा राहतो आणि अंधारात बघत राहतो. काय बघायचे? दुसऱ्या बोटीचे दिवे. आपल्या किनाऱ्याजवळ कोळ्यांच्या होड्या असतात. त्यांचे दिवे बारीक. यंत्रावरही त्या कधी दिसतात, कधी दिसत नाहीत. याचा डोळा लागला, तर होडीतली माणसे जिवानिशी जातील. आता सांगा, हा काय बसून खायचा पगार आहे?

बाकीचे खलाशी सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत राबतात. खारे पाणी लोखंड खाते. म्हणून गंज ठोकून काढायचा, वर रंग द्यायचा. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जावे, तो पहिल्या टोकाला पुन्हा गंज! खाली इंजिनाच्या खोलीत तर उकाडा चाळीस अंशांच्या वर जातो. आवाज एवढा, की कान झाकून काम करावे लागते.

रिकामा वेळ

काम संपले की आधी अंघोळ, मग कपडे धुणे, मग जेवण. त्यानंतर कुणी कॅरम खेळतो, कुणी सिनेमा बघतो, कुणी नुसता कठड्याजवळ उभा राहून उडते मासे बघतो. सगळे दिवस सारखेच. मग वार कसा कळायचा? आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, भंडारी कोंबडी रांधतो त्या दिवशी रविवार!" एकदा त्यांनी पुठ्ठ्याचे मखर करून बोटीवर गणपतीही बसवला होता. आरतीला दुसऱ्या देशांचे खलाशीसुद्धा टाळ्या वाजवीत उभे राहिले. दारूला मात्र अनेक कंपन्यांच्या बोटींवर साफ बंदी असते.

पूर्वी घरच्या पत्राची वाट महिना-महिना पाहावी लागे. आता पुष्कळ बोटींवरून फोन लागतो. पण वेळ जुळायला हवी. बोट पश्चिमेला चालली की घड्याळ मागे करावे लागते. आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजतात, तेव्हा हिवाळ्यात लंडनला दुपारचे बाराच वाजलेले असतात. आणि आवाज ऐकू आला तरी माणूस घरी येऊ शकत नाही. पोर तापाने फणफणते आहे आणि बाप हजारो मैलांवर. हे दुःख सगळ्यांत मोठे. २०२० साली करोनाच्या साथीत जगातले सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही बोटींवर अडकून पडले होते.

झोपेचा हिशेब

या विद्यार्थ्याची पहिली बोट. बंदरात दोन दिवस, दोन रात्री माल उतरवणे चालू होते. त्याला चार तासही झोप मिळाली नाही. शिडीवरून उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय सटकला आणि मनगट मोडले. दुसऱ्या दिवशी एक कागद पुढे आला. "कर सही." याने न वाचता डाव्या हाताने सही केली. त्या कागदावर लिहिले होते, की या माणसाला रोज दहा तास विश्रांती मिळाली! चौकशीत निकाल काय लागला? निष्काळजीपणा खलाशाचा.

खलाशांसाठी सगळ्या जगाचा एक करार आहे. तो २००६ साली ठरला. भारताने त्याला २०१५ साली मान्यता दिली. त्यातले नियम असे. चोवीस तासांत निदान दहा तास विश्रांती मिळाली पाहिजे. ती दोनहून जास्त तुकड्यांत देता कामा नये, आणि त्यांतला एक तुकडा निदान सहा तासांचा हवा. आठवड्यात निदान सत्त्याहत्तर तास विश्रांती हवी. हिशेबाच्या कागदाची एक प्रत खलाशाला मिळाली पाहिजे. तक्रार केली म्हणून त्याला त्रास देता येत नाही.

पुढच्या बोटीवर याने कागद आधी वाचला. मग अधिकाऱ्याला म्हणाला, "साहेब, या रात्री मी जागाच होतो." आकडा दुरुस्त झाला. त्या दुपारी त्याला झोपायला सुटीही मिळाली.

जाणाऱ्याने काय पाहावे

खलाशी व्हायला दहावी पास व्हावे लागते. मग सरकारमान्य संस्थेत सुमारे सहा महिने शिकावे लागते. पण खेडोपाडी दलाल फिरतात. "दोन लाख द्या, पोराला बोटीवर चढवतो," म्हणतात. बाप शेत गहाण टाकतो आणि पोरगे घरीच राहते. तर लक्षात ठेवा. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणे कायद्याने मना आहे. नोकरी लावणाऱ्याकडे सरकारी परवाना लागतो. घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मध्ये कांजूरमार्ग येथे केंद्र सरकारचे जहाज-खात्याचे मुख्य कार्यालय आहे. परवाना खरा की खोटा, हे तेथे विचारता येते. आणि करारावर पगार, मुदत व घरी परतण्याचा खर्च हे वाचल्याशिवाय सही करू नये.

हकिकत संपली. आजोबा जरा वेळ गप्प बसले. आम्ही त्यांना म्हटले, "आजोबा, गावी तुमच्या शेतात पोटॅश खत टाकता ना? ते परदेशातून बोटीनेच येते. कुणीतरी रात्रभर जागतो, तेव्हा ते बांधावर पोचते."

आजोबा उठले. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पोरा, घरी आहेस तोवर पोटभर झोप."