संतांची मध्यस्थी आणि शरीराची दुखणी

दरवर्षी ८ सप्टेंबरच्या, म्हणजे पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास वांद्र्याच्या डोंगरावरील मोत मावलीची यात्रा भरते. मंदिराबाहेर मेणाचे अवयव विकावयास मांडलेले असतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात घेतो, ज्याचा पाय दुखतो तो पाय घेतो, आणि तो मावलीपुढे अर्पण करतो. या यात्रेकरूंत ख्रिस्ती असतात, तसेच अन्यधर्मीयही असतात. आमच्या शरीराच्या लहानसहान पीडांची देवाला काही काळजी आहे काय, हा प्रश्न ते मेण मुकेपणाने विचारीत असते. धर्मगुरू व धर्मशिक्षक यांना त्याचे उत्तर द्यावे लागते.

विशिष्ट दुखण्यासाठी विशिष्ट संताचा धावा करण्याची रूढी फार जुनी आहे. आर्मेनियातील सेबास्ते नगरीचे महागुरू संत ब्लासियस यांनी घशात माशाचा काटा अडकलेल्या मुलाला वाचविले, अशी परंपरा आहे. म्हणून ३ फेब्रुवारीस दोन मेणबत्त्या क्रूसाकार धरून भाविकांच्या कंठाला आशीर्वाद देण्यात येतो. इ. स. २४९ च्या सुमारास आलेक्झांड्रियात छळकर्त्यांनी संत अपोलोनिया हिचे दात पाडले. दंतव्यथेने त्रस्त झालेले लोक तिला स्मरतात. सिराक्यूजची संत लुसी हिच्या नावातच ‘प्रकाश’ हा अर्थ असल्याने नेत्ररोगी तिची मध्यस्थी मागतात. यांपैकी काही कथांना इतिहासाचा आधार आहे, तर काही केवळ आख्यायिका आहेत. परंतु या स्मरणामागील भाव एकच आहे : ज्याने त्याच अंगी वेदना सोसली किंवा दुसऱ्याची निवारली, तो आपले दुःख जाणतो.

निद्रानाशाच्या बाबतीत एफेससच्या सात निद्रिस्तांचे स्मरण केले जाते. सम्राट डेशियसच्या छळामुळे गुहेत आश्रय घेतलेले सात तरुण झोपी गेले आणि थेट दुसऱ्या थिओडोसियसच्या राज्यात जागे झाले, अशी ही आख्यायिका आहे. कुराणाच्या अठराव्या सूरेतही गुहावासीयांची अशीच कथा आढळते. ख्रिस्ती परंपरेने या कथेत मृतांच्या पुनरुत्थानाची खूण पाहिली. रात्र रात्र तळमळणाऱ्या माणसाला निद्रेविषयी सांगताना हा अर्थ मोलाचा ठरतो. निद्रा म्हणजे स्वतःला देवाच्या हाती सोपविणे होय. ख्रिस्तसभेच्या रात्रप्रार्थनेत ४ थे व ९१ वे स्तोत्र योजिले आहे, त्यामागेही हाच भाव आहे.

तथापि येथे विवेक हवा. देव व मानव यांच्यातील मध्यस्थ एकच, तो म्हणजे ख्रिस्त, असे संत पौल तीमथ्याला बजावतो. संत हे त्या मध्यस्थाशी स्पर्धा करीत नाहीत. ते आपल्याबरोबर प्रार्थना करतात. संतांची खरी भक्ती बाह्य कृतींच्या संख्येवर नव्हे, तर कृतिशील प्रीतीच्या उत्कटतेवर अवलंबून असते, अशी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६४ मधील शिकवण आहे. नवस म्हणजे देवाशी केलेला सौदा, असे ज्याला वाटते, त्याला ही शिकवण सौम्यपणे समजावून दिली पाहिजे.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. संताचा धावा केल्यावर औषधाची गरज उरत नाही, असे समजून रोगी उपचार सोडतो. सिराखच्या ग्रंथाचा ३८ वा अध्याय या समजाला थारा देत नाही. आजारी पडल्यास प्रभूची प्रार्थना करावी आणि वैद्यालाही त्याचे स्थान द्यावे, कारण वैद्य व औषधी या दोहोंचा कर्ता प्रभूच आहे, असा त्याचा आशय आहे. मुंबईच्या इतिहासात याचे उदाहरण सापडते. १८९६ च्या प्लेगमध्ये वांद्रे, गिरगाव आदी भागांतील ख्रिस्ती वस्त्यांनी संरक्षणासाठी क्रूस उभारले. त्यांपैकी काही आजही उभे आहेत. त्याच साथीत मांडवी भागातील रोगी तपासून प्लेगचे निदान करणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे मूळ गोव्याचे ख्रिस्ती वैद्य होते. एकाच समाजाने क्रूसही उभारला आणि वैद्यही दिला.

बेल्जियममधील गेल या गावाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. मनोरुग्णांची आश्रयदाती संत डिम्फना हिच्या मंदिरी येणाऱ्या रुग्णांना तेथील कुटुंबांनी मध्ययुगापासून आपल्या घरांत ठेवून घेतले. तेथे भक्तीचे रूपांतर शुश्रूषेत झाले.

म्हणून मेणाचा अवयव घेऊन येणाऱ्यास आपण हसू नये, आणि त्याला तसेच परतही पाठवू नये. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी. वैद्याकडे गेलात काय, हे आपुलकीने विचारावे. झोप न येणाऱ्याच्या मनावर कसला भार आहे, हे ऐकून घ्यावे. कर्ज, शोक किंवा एकाकीपण यांपैकी काही उघड झाल्यास मंडळीला त्याच्या घरी पोहोचविणे हे आपले काम आहे. संतांच्या मध्यस्थीला आपल्या हातांची जोड मिळावी, हीच या भक्तीची अपेक्षा आहे.