औषध की पूरक आहार? वेष्टन वाचण्याची आवश्यकता

विक्रेत्याच्या फळीवर अश्वगंधेच्या दोन बाटल्या शेजारी-शेजारी उभ्या असतात. वनस्पती एकच, कॅप्सूलचे रूपही जवळजवळ सारखे. कायद्याच्या दृष्टीने मात्र एक औषध असते आणि दुसरी अन्न. रुग्ण हा भेद जाणत नाही. म्हणूनच तो आपण जाणणे अगत्याचे आहे.

पहिली बाटली ‘औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४०’च्या कक्षेत येते. या कायद्यात १९६४ साली आयुर्वेदीय औषधांचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले. तिच्या निर्मितीस राज्याच्या परवाना अधिकाऱ्याचा परवाना लागतो व निर्मितीशाळेस परिशिष्ट ‘टी’चे निकष पाळावे लागतात. वेष्टनावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व वापराची मुदत असावी लागते. वत्सनाभ, कुपीलु यांसारखे परिशिष्ट ‘ई-१’मधील द्रव्य असल्यास वैद्यकीय देखरेखीचा इशाराही बंधनकारक आहे.

दुसरी बाटली ‘अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६’खाली येते. तिच्यावर १४ अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ असा उल्लेख हवा. रोग बरा करण्याचा वा टाळण्याचा दावा तिला करता येत नाही. २०२२च्या विनियमांनी ‘आयुर्वेद आहार’ हा आणखी एक वर्ग निर्माण केला. दोन वर्षांखालील बालकांसाठी तो नाही. विक्रेत्यांनी एक बाब विशेष ध्यानी घ्यावी. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस १९४०च्या कायद्यानुसार विक्री परवाना लागत नाही; पूरक आहार विकण्यास मात्र अन्न कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना आवश्यक असतो.

परवाना क्रमांक असला म्हणजे निश्चिंत व्हावे, असे आम्ही म्हणणार नाही. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरात विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम या त्यांच्या मर्यादा होत. निर्मात्याकडे त्या-त्या बॅचचा तपासणी अहवाल मागण्यात संकोच कसला?

शुद्ध द्रव्यही अस्थानी अपाय करते. थायरॉईडची गोळी घेणाऱ्याने तिच्यासोबतच लोह वा कॅल्शियम घेतल्यास गोळीचे शोषण घटते. दोहोंत चार तासांचे अंतर हवे. बायोटिनमुळे थायरॉईडच्या चाचणीचे निष्कर्ष चुकू शकतात. गर्भिणीस ‘अ’ जीवनसत्त्वाची अतिमात्रा गर्भासाठी घातक ठरते. यष्टीमधु दीर्घकाळ व अधिक मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढून पोटॅशियम घटते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने ‘के’ जीवनसत्त्व असलेले पूरक परस्पर सुरू केल्यास औषधाचा प्रभाव उणावतो.

‘काही औषधे चालू आहेत काय?’ या प्रश्नाला रुग्ण ‘नाही’ म्हणतो, कारण पूरक आहारास तो औषध मानत नाही. आपण तेवढ्यावर थांबतो, हा दोष आपलाच आहे. घरातील सर्व बाटल्या घेऊन येण्यास त्यास सांगावे, वेष्टने स्वतः वाचावीत आणि नोंद केसपेपरवर करावी. आयुर्वेदीय औषधाने अपाय झाल्याचा संशय आल्यास तो आयुष औषधदक्षता केंद्रास कळवावा. अपाय लपविल्याने शास्त्राची प्रतिष्ठा राखली जात नाही. रुग्ण सुरक्षित राहिला, तरच ती राहते.