पाळीच्या नाना तऱ्हा

आपल्या मराठीने या एका गोष्टीस नावे तरी किती दिली आहेत! कोणी म्हणते कावळा शिवला, कोणी म्हणते बाहेरची झाली, कोणी नुसतेच 'अडचण आहे' म्हणून मान फिरवते. नावे इतकी असून ती गोष्ट मात्र आईने मुलीस नीट उकलून सांगितली, असे घर विरळाच. मग मुलीस जे कळते ते शाळेच्या वाटेवर, अर्धे खरे नि अर्धे भलतेच. धर्मगुरूने या विषयावर लेखणी उचलावी काय, अशी शंका काही वाचकांस येईल. परंतु जे प्रश्न डॉक्टरांच्या दारी जावयाचे, ते बहुधा आधी आमच्या पडवीत येतात. 'फादर, पोरीला कसली बाधा तर झाली नाही ना? दर महिन्याला वांती होते.' 'धाकटी सून दोन दिवस अंथरूण धरते. थोरलीला तर कळतसुद्धा नाही. हे सोंग नव्हे तर काय?' या दुसऱ्या प्रश्नाने घरोघर जितकी मने दुखावली आहेत, तितकी भाऊबंदकीनेही क्वचितच दुखावली असतील. थोरली व धाकटी या दोघीही निरोगी असू शकतात, हे म्हणूनच जरा सविस्तर सांगावे असे आम्ही योजिले आहे.

पहिली चुकीची समजूत अठ्ठावीस दिवसांची. पंचांगातील तिथीप्रमाणे पाळी यावी आणि चार दिवसांत आटपावी, अशी पुष्कळांची कल्पना असते. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले असता, प्रौढ स्त्रीच्या बाबतीत २४ पासून ३८ दिवसांपर्यंतचे कोणतेही अंतर वैद्यकशास्त्र निरोगी मानते. एकाच स्त्रीचे अंतर एका महिन्यात २६ दिवसांचे व पुढच्या खेपेस ३२ दिवसांचे झाले, तरी त्यात वावगे काही नाही. स्राव दोन-तीन दिवसांत थांबो की आठ दिवस राहो, तोही हद्दीतच. नुकत्याच वयात आलेल्या मुलींची हद्द तर याहून रुंद आहे. पहिली दोन-तीन वर्षे पाळी २१ दिवसांनीही येते व ४५ दिवसांनीही येते, कारण त्यांच्या शरीरात अद्याप दर महिन्यास बीज सुटतेच असे नाही. बहुतेकींना बाराव्या-तेराव्या वर्षी सुरुवात होते. एखादीस दहाव्या वर्षी होते, एखादीस पंधरावे लागते. शेजारणीच्या मुलीस आली नि आपल्या मुलीस आली नाही, एवढ्यावरून नवस बोलण्याचे कारण नाही.

रक्त किती जाते? बहुतेकींच्या बाबतीत एका पाळीत मिळून ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. कपड्यावर पसरले म्हणजे ते पुष्कळ वाटते. रंग कधी तांबडा, कधी तपकिरी, कधी काळसर. 'काळे रक्त म्हणजे नासके रक्त' असे आमच्या म्हाताऱ्या बाया सांगतात. ते खरे नव्हे. जे सावकाश बाहेर पडते ते काळवंडते, इतकेच.

अंतर मागेपुढे का होते, याचा उलगडा जपानातील डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांच्या संशोधनाने १९२० नंतरच्या दशकात झाला. नैसर्गिक कुटुंबनियोजनाचे वर्ग केलेल्या दांपत्यांनी हे नाव ऐकलेले असेल. बीज सुटण्याचा दिवस मागील पाळीपासून मोजावयाचा नसून पुढील पाळीपासून उलटा मोजावयाचा, सुमारे १२ ते १६ दिवस आधी, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे महिन्याचा उत्तरार्ध बराचसा ठरलेला असतो; कमीजास्त होतो तो पूर्वार्ध. मोठे आजारपण, परीक्षेची धास्ती, एकाएकी घटलेले वजन, घरातला मृत्यू यांनी बीज सुटण्यास उशीर झाला की पाळीही तितकीच लांबते. बीज सुटतेवेळी काहींच्या ओटीपोटात एका बाजूस कळ येते, एखादीस रक्ताचा ठिपकाही दिसतो, आणि पुष्कळजणींना त्या दिवसाची जन्मभर चाहूलही लागत नाही.

आता दुखण्याकडे वळू. गर्भाशयाच्या आतील अस्तर गळू लागले म्हणजे त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये सुटतात व त्यांच्यामुळे गर्भाशय आवळला जातो. ज्या स्त्रीच्या शरीरात ही द्रव्ये अधिक तयार होतात तिला अधिक दुखते. तीच द्रव्ये शेजारच्या आतड्यांनाही डिवचतात. म्हणून कोणास पहिल्या दिवशी दोन-तीनदा पातळ शौचास होते, कोणास मळमळते, वांती होते, दरदरून घाम फुटतो, डोके उठते. कंबर धरते, मांड्या व पोटऱ्या भरून येतात. हे बहुधा स्रावाच्या आदल्या दिवशी किंवा त्याबरोबर सुरू होऊन एक ते तीन दिवसांत ओसरते. जिला यातले काहीच होत नाही तिच्यातही उणेपण नाही. विसाव्या शतकात कितीतरी वर्षे शिकलेले डॉक्टरसुद्धा या वेदनेस मनाचे खेळ म्हणत. १९७१ साली इंग्लंडातील शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनसारखी औषधे ही द्रव्येच तयार होऊ देत नाहीत असे दाखविले. पुढे १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. ज्या वेदनेस त्या जातीच्या गोळीने उतार पडतो, तिला सोंग कसे म्हणावे? या गोळ्या कळ असह्य होईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा सुरुवातीसच, काही खाऊन, घेतल्या तर अधिक लागू पडतात. मात्र जिला दमा, पोटातील व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे तिने डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या घेऊ नयेत. गरम पाण्याच्या पिशवीने ओटीपोट शेकणे हा आजीचा उपाय तर आजच्या डॉक्टरांनाही मान्य आहे.

आजीचे सगळेच मान्य करता येत नाही. डोक्यावरून न्हाऊ नये, दही खाऊ नये, लोणच्याच्या बरणीस हात लावू नये, यांपैकी एकाही गोष्टीस शास्त्रात आधार नाही. आमच्या काही ख्रिस्ती घरांतूनही मुली अजून विचारतात, 'या दिवसांत मिस्साला जावे काय? वेदीवर फुले ठेवावीत काय?' हा प्रश्न फार जुना आहे. कँटरबरीचे ऑगस्टीन यांनी इंग्लंडातून तोच रोमला विचारला होता, आणि पोप पहिले ग्रेगरी यांनी सुमारे ६०१ साली उत्तर धाडले, की जे निसर्गाने घडते तो स्त्रीचा अपराध नव्हे. तिला मंदिरात येण्यास वा ख्रिस्तप्रसाद घेण्यास मनाई करू नये. आदरापोटी कोणी स्वतःहून थांबली तर तिचीही त्यांनी स्तुती केली आहे, पण मज्जाव करण्याचा अधिकार त्यांनी कोणासही दिला नाही. बीड हे साधू इतिहासकार ७३१ साली पुरा झालेल्या आपल्या ग्रंथात ते उत्तर नोंदवून गेले आहेत.

पाळीपूर्वीचे दिवस हा याहूनही नाजूक भाग. १९३१ साली अमेरिकेतील डॉक्टर रॉबर्ट फ्रँक यांनी या दिवसांतील तगमगीवर प्रथम शास्त्रीय लेख लिहिला, आणि १९५३ साली इंग्लंडातील डॉक्टर रेमंड ग्रीन व कॅथरीना डाल्टन यांनी तिला आज रूढ असलेले नाव दिले. या लक्षणांची यादी शंभराच्या वर जाते. छाती दाटून दुखते, पोट फुगते, बांगडी मनगटात रुतते, तोंडावर पुटकुळ्या येतात, शौचास साफ होत नाही. कोणाची झोप उडते, कोणी दिवसा पेंगते. कोणास गोडाची वासना होते, कोणास अन्न नकोसे. कोणाच्या डोळ्यांस विनाकारण पाणी येते, तर कोणी क्षुल्लक भांडे पडले तरी मुलांवर खेकसते आणि मग रात्री त्याबद्दल स्वतःसच दोष देत बसते. एकीत यांतली दोन असतील, दुसरीत दहा. याच महिन्यात तीव्र व पुढच्यात नावालाही नाहीत, असेही होते. याचे कारण शोधताना पुष्कळ काळ असे मानीत, की अशा स्त्रीच्या रक्तातील अंतःस्रावांचे प्रमाण बिघडलेले असावे. तपासून पाहता प्रमाण दोघींत सारखेच आढळले. फरक आहे तो त्या चढउतारास मेंदू कसा प्रतिसाद देतो यात. एकाच वाटणातील मिरची एकास गोड लागते नि दुसऱ्याच्या डोळ्यांतून पाणी काढते, तसा हा प्रकार.

येथे नवरेमंडळींस एक शब्द. पत्नीने काही गाऱ्हाणे मांडताच 'तारीख जवळ आलेली दिसते' असे म्हणून हसणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. तिची चिडचिड पाळीने वाढली असेलही. पण तुम्ही पगाराचा हिशेब दिलेला नाही ही गोष्ट पाळीमुळे खोटी ठरत नाही. त्या दिवसांत विहिरीचे पाणी तुम्ही ओढलेत, चुलीपुढे तुम्ही बसलात, तर बिघडत नाही.

शंभरांतील सुमारे पाचजणींची तऱ्हा मात्र निराळी आहे. त्या दिवसांत त्यांना सारे जग अंधारून येते, जगू नये असे वाटते, आणि पाळी येताच दोन-तीन दिवसांत ते मळभ फिटते. २०१३ साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या नियमग्रंथाने यास स्वतंत्र विकार म्हणून जागा दिली. यावर औषध आहे. मरणाचे बोलणारीस 'चार दिवसांत बरे वाटेल' म्हणून एकटी सोडू नये; डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर मराठीतूनही बोलता येते.

आपली तऱ्हा कोणती हे कळण्यास उपाय अगदी साधा. स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर, संतांच्या सणांच्या शेजारी, पाळीच्या पहिल्या दिवशी एक फुली करावी आणि जे होईल ते दोन शब्दांत लिहावे: डोके, पोट, रडू, झोप. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसू लागते. लक्षणे पाळीपूर्वी येऊन पाळीनंतर जात असतील तर ती पाळीचीच. महिनाभर टिकत असतील तर कारण दुसरे काही असावे. डॉक्टरांपुढे हे कॅलेंडर ठेवले म्हणजे अर्धी तपासणी झाली म्हणून समजा.

हद्द रुंद आहे, पण ती आहे. तासा-दोन तासांनी कपडा बदलावा लागणे, रुपयाच्या नाण्याहून मोठ्या गाठी पडणे, आठ दिवसांनंतरही स्राव न थांबणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे, गरोदर नसता तीन महिने पाळी न येणे, पंधरा वर्षे पूर्ण होऊनही सुरुवात न होणे, यांपैकी काहीही असल्यास तपासणी हवी. चाळिशीनंतर पाळी पुन्हा पोरवयातल्यासारखी अनियमित होते, ते साहजिक आहे. परंतु सबंध एक वर्ष बंद राहिल्यानंतर पुन्हा थेंबभर जरी दिसले तरी त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. आणि गोळी घेऊनही जी मुलगी दर महिन्यास शाळा बुडविते, जिची वेदना वर्षागणिक वाढते, तिला 'लग्न झाले की थांबेल' असे सांगू नये. बाळंतपणानंतर साधी कळ पुष्कळजणींची कमी होते हे खरे. पण सुमारे दहांतील एका स्त्रीस गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीजाल गर्भाशयाबाहेर वाढण्याचा विकार असतो, आणि तो ओळखण्यात वर्षे जातात ती याच वाक्यामुळे. लग्न हे औषध नव्हे, आणि जावयास वैद्य समजणे हा त्या तरुणावरही अन्याय आहे.

याची दुसरी बाजू बीड जिल्ह्यात दिसली. तेथील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या दरवर्षी आमच्या बेळगावकडील कारखान्यांवरही येतात. नवराबायको मिळून एक कोयता. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो व पैसे कापले जातात. पाळीचा, पांढऱ्या पाण्याचा वा पोटदुखीचा त्रास घेऊन गेलेल्या पुष्कळ तरुण स्त्रियांची गर्भाशयेच काढून टाकण्यात आल्याचे २०१९ साली उजेडात आले आणि महाराष्ट्र सरकारने चौकशी समिती नेमली. तिशीतील स्त्रीचे गर्भाशय, व त्याबरोबर बीजकोशही गेला, तर हाडे अकाली ठिसूळ होतात, ऐन तारुण्यात म्हातारपण येते. कोणी 'पिशवी काढून टाका' म्हटले की सही करण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावेच घ्यावे.

राहता राहिला रक्ताचा प्रश्न. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ५७ भारतीय स्त्रियांत रक्त कमी आढळले. धाप, चक्कर, थकवा यांचे खापर पुष्कळदा पाळीवर फुटते, आणि खरे कारण हे असते. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची तपासणी होते व लोहाच्या गोळ्याही मिळतात; शाळेतील मुलींसाठी आठवड्यास एक निळी गोळी असते. ती उपाशीपोटी किंवा चहाबरोबर न घेता जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यावी, सोबत लिंबाची फोड चोखली तर उत्तमच. या गोळीने शौचास काळे होते. त्यास घाबरून ती बंद करू नये.